जांभळीची विलायती बहीण

नर्सरीत जाऊन 'मर्टल' मागितले, तर बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. माळी क्रेप मर्टलची काडी हातात ठेवतो, नाहीतर कामिनीचे रोप दाखवतो, नाहीतर 'विलायती मेंदी ना, आहे की' म्हणून कुंपणाला लावतात त्यातले बारीक पानांचे कुठलेही झुडूप पिशवीत घालून देतो. तिन्ही झाडे चांगली आहेत, पण मर्टल त्यांतले एकही नाही. खरे मर्टल, म्हणजे लॅटिन नावाने 'मायर्टस कम्युनिस', आपल्याकडे क्वचित मिळते. जे मिळते तेही बरेचदा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जाते. गेली काही वर्षे मी या झाडाच्या मागे आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वाचत, विचारत आणि कुंड्या भरत जे समजले ते इथे मांडतो. माझ्या मते या झाडाचे आपल्याकडचे बरेचसे हाल त्याच्या नावामुळे झाले आहेत, म्हणून सुरुवात नावापासूनच करायला हवी.

हिंदी-उर्दूत याला विलायती मेंदी म्हणतात. यातली 'विलायत' इंग्लंडच असली पाहिजे असे नाही. जुन्या उर्दूत विलायत म्हणजे इराण-तुराण असाही अर्थ होता, आणि हे झाड इराणातही आहेच. फारसीत ते 'मूर्द', अरबीत 'आस'. युनानी औषधांच्या दुकानात 'हब्बुल-आस' मागितले तर मिऱ्याहून थोडे मोठे, काळपट, सुरकुतलेले दाणे मिळतात, ती याचीच वाळलेली फळे. 'हब्ब' म्हणजे दाणा. युनानी वैद्यकात ती स्तंभक म्हणून, मुख्यतः जुलाबावर वापरतात. ती आणून पेरण्याचा मोह अनेकांना होतो. दुकानातला माल जुना आणि कडक वाळलेला असतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये.

मेंदी हे नाव पडले ते पानांवरून. समोरासमोर बसलेली, लहान, टोकदार, गुळगुळीत पाने पाहून कुणालाही मेंदी आठवेल. गंमत अशी की, साहेबाने हीच चूक उलट्या दिशेने केली. लॅगरस्ट्रोमियाचे झाड पाहून त्याला आपल्या मर्टलची पाने आठवली, फुलांच्या चुरगळलेल्या पाकळ्यांवरून क्रेपचे कापड आठवले, आणि नाव पडले क्रेप मर्टल. आता लॅगरस्ट्रोमिया आणि मेंदी ही दोन्ही झाडे एकाच कुळातली, लायथ्रेसीतली. आपले राज्यपुष्प ताम्हण त्याच घरातले, धायटी त्याच घरातली, आणि आताच्या वर्गीकरणाप्रमाणे डाळिंबही. म्हणजे पूर्वेने मर्टलला लायथ्रेसीतले नाव दिले आणि पश्चिमेने लायथ्रेसीतल्या झाडाला मर्टलचे. दोन्हीकडून एकाच दोन घरांत अदलाबदल झाली.

मर्टलचे खरे घर वेगळे आहे, आणि ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. जांभूळ, पेरू, लवंग, जाम, निलगिरी ही सगळी मर्टलच्या कुळातली, म्हणजे मायर्टेसीतली. कुळाला नावच मर्टलवरून मिळाले. लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात जांभळाची नोंद केली, तेव्हा त्याने त्याला स्वतंत्र प्रजातीही दिली नव्हती. 'मायर्टस क्युमिनी' असे सरळ मर्टलच्याच पंक्तीत बसवले होते. आजचे 'सिझिजियम क्युमिनी' हे नाव १९१२ मधले. त्यामुळे 'विलायती मेंदी'पेक्षा 'विलायती जांभूळ' म्हटले असते, तर झाडाला न्याय मिळाला असता.

हे नाते डोळ्यांनी पाहता येते. पेरूचे किंवा जांभळाचे कोवळे पान तोडून उन्हासमोर धरा. पानभर सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. दुसरी खूण म्हणजे पानाच्या कडेला समांतर धावणारी एक बारीक शीर, जणू कापडाची दुमडलेली किनार. मर्टलच्या पानात हे दोन्ही असते, आणि पान चुरडले की निलगिरीची थोडी आठवण करून देणारा, पण तिच्याहून मऊ, गोडसर वास येतो. सिनिओल हे द्रव्य दोघांच्याही तेलात आहे. मेंदीचे पान धरा, ठिपके नाहीत. क्रेप मर्टलचे धरा, नाहीत. शिवाय ते हिवाळ्यात पाने गाळते आणि मर्टल बारमाही हिरवे. फसवते ती फक्त कामिनी, जिला आपण कुंतीही म्हणतो. तिच्या पानांतही ठिपके असतात, कारण ती लिंबाच्या कुळातली. पण तिचे पान संयुक्त, एका देठावर अनेक पर्णिका असलेले, वास लिंबूवर्गी, फळ नारिंगी-लाल. मर्टलचे फळ निळसर काळे, आणि त्याच्या टोकाला पेरूला असतो तसा वाळलेल्या निदलांचा मुकुट. फूलही जांभूळ-पेरूच्याच घराण्याचे, पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा फुगीर झुपका. एवढ्या खुणा पाठ केल्या, की नर्सरीत कुणी फसवणार नाही.

आता हे झाड मुळात राहते कुठे, ते पाहू. भूमध्य समुद्राभोवतीचे प्रदेश हे त्याचे घर: स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, लेबनॉन, इस्राएल, मोरोक्को, अल्जिरिया. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. नेमके आपल्या उलट. आपल्याकडे ऐन उकाड्यात चार महिने मुळे ओली राहतात, आणि मर्टलची मुळे उबदार चिखलाला तोंड देऊ शकत नाहीत. बुरशी लागते, मुळे कुजतात, वरची पाने हिरवी असतानाच झाड आतून संपलेले असते. दुसऱ्या टोकाला, मेंदी म्हटल्यामुळे लोक ते मेंदीसारखे काटक समजतात आणि एप्रिल-मेमध्ये कुंडी आठवडाभर कोरडी ठेवतात. तेही त्याला सोसत नाही. आपल्या मुलखात ते ओढ्याकाठी, थोडी ओल धरणाऱ्या दऱ्यांत आनंदाने वाढते. कुंडीतली माती एकदा पूर्ण सुकली, की पाने कुरकुरीत होतात आणि नंतर कितीही पाणी घातले तरी ती फांदी बहुधा परत येत नाही. ओल हवी, साचलेले पाणी नको, असा याचा हट्ट आहे.

एवढे नखरे सोसून हे झाड लावावे कशाला, असे कुणी विचारील. एक उत्तर वासाचे. ग्रानाडाच्या अलहंब्रा राजवाड्यात एक लांबट हौद आहे, चौदाव्या शतकातला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मर्टलची कातरलेली कुंपणे आहेत. त्या अंगणाचे नावच 'पातिओ दे लोस आरायानेस', मर्टलचे अंगण. 'आरायान' हा स्पॅनिश शब्द अरबी 'रैहान'वरून आला. रैहान म्हणजे सुगंधी वनस्पती. तोच शब्द पूर्वेकडे निघाला तेव्हा वेगळ्या झाडाला चिकटला: फालुद्यातले सब्जाचे बी युनानी दुकानात 'तुख्मे रैहान' या नावाने मिळते. स्पेनमध्ये ज्या शब्दाचा अर्थ मर्टल झाला, तोच मुंबईत सब्जा झाला. सार्डिनियात मर्टलची फळे मद्यार्कात मुरवून 'मिर्तो' नावाचे मद्य करतात. ब्रिटनच्या राजघराण्यात १८५८ पासून वधूच्या पुष्पगुच्छात मर्टलची डहाळी ठेवण्याची रीत आहे. प्लिनी लिहितो की, रोममध्ये क्विरिनसच्या देवळासमोर दोन मर्टल होती, एक सरदारांचे आणि एक सामान्यांचे. सिनेटचा दबदबा होता तोवर सरदारांचे झाड फोफावले, मग ते वाळत गेले आणि दुसरे बहरले. मला विचाराल, तर त्यातल्या एकाला सावली जास्त आणि दुसऱ्याला पाणी बेताचे मिळत असणार.

पारशी परंपरेतही मर्टलला मान आहे. 'बुंदहिश्न' या पहलवी ग्रंथात प्रत्येक दैवताचे एक फूल सांगितले आहे आणि त्यात मर्टल व चमेली ही खुद्द ओहर्मज्दची.

पण आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उत्तर आहे ते आपल्याच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे. कुलाबा जिल्ह्यातल्या, आता रायगड म्हणतो त्या, गावोगावच्या तेल गाळणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. ज्यू धर्मात सुक्कोथ नावाचा मांडवाचा सण आहे. तो तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे बहुधा कोजागरीला, कधी भाद्रपदी पौर्णिमेला. त्या सणात चार वनस्पती हातात धरून आशीर्वाद म्हणायचा असतो: एक एत्रोग, म्हणजे महाळुंगाच्या जातीचे फळ, एक लुलाव, म्हणजे खजुराचा न उमललेला कोंब, वाळुंजाच्या दोन डहाळ्या, आणि हदासच्या तीन. हदास म्हणजे मर्टल. राणी एस्थरचे मूळ नाव हदस्सा, तेही यावरूनच. एका जुन्या ज्यू भाष्यात म्हटले आहे की, एत्रोगला चव आणि वास दोन्ही, खजुराला फक्त चव, हदासला फक्त वास, आणि वाळुंजाला दोन्ही नाही. माणसेही अशी चार तऱ्हेची, म्हणून चौघांना एकत्र बांधायचे.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथांपासून दूर राहिलेल्या बेने इस्राएलांनी सणांना मराठी नावे दिली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. सुक्कोथचा चार वनस्पतींसह विधी त्यांच्यात पुढे आला, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांच्या आणि नंतर सभास्थानांच्या काळात. मुंबईचे पहिले सभास्थान, 'शाअर हारहमिम', १७९६ चे. मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरे, फळे यांच्याबरोबर सुवासिक पानफूल ठेवून त्यावर वेगळा आशीर्वाद म्हणण्याची रीत मात्र या समाजात रुळलेली आहे, आणि तिथे आपला सब्जा चालतो. सुक्कोथला तसे चालत नाही. तिथे हदासच लागतो, आणि तोही साधा नाही.

इथे धर्मशास्त्र आणि बागकाम यांची गाठ पडते, आणि मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. मिश्नेत हदास कधी बाद ठरतो याचे नियम आहेत: चोरलेला बाद, वाळलेला बाद, शेंडा तुटलेला बाद, पानांपेक्षा फळे जास्त असलेला बाद, मात्र फळे काढून कमी केली तर चालतो. त्यावरच्या तालमुदी चर्चेत आणखी एक अट येते. पाने तीन-तीनच्या झुबक्याने, एकाच पेरावरून निघालेली हवीत. मर्टलची पाने स्वभावतः दोन-दोन समोरासमोर असतात. तीनची पेरे निघतात ती जोमदार, सरळ वर जाणाऱ्या नव्या कोंबावर. म्हणून इस्राएलमधले हदास पिकवणारे शेतकरी झुडूप दाबून छाटतात, भरपूर पोसतात, आणि त्यातून फुटलेले सळसळीत कोंब सणाला कापतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अटीसाठी आजही छाटणीचे वेळापत्रक ठरते. शोभेसाठी झुडूप हवे त्याने सतत बोटभर कातरत राहावे, त्याने घट्ट हिरवी भिंत होते; पण अशा भिंतीला फुले कमी आणि तीन पानांची पेरे त्याहून कमी. एकाच झुडपाकडून सगळे मागता येत नाही.

आता प्रत्यक्ष लागवड. पुणे, सातारा, नगर, नाशिक अशा पठारी आणि बेताच्या पावसाच्या भागांत हे झुडूप जगवता येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ते उघड्या जमिनीत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे कुंडी आणि पागोळीखाली न येणारी वळचण हाच मार्ग. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात लावणे म्हणजे त्याला विहिरीत लोटणे. जमिनीतच लावायचे असेल तर मुरमाड उतार शोधावा, किंवा वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावावे. चुनखडीचे त्याला वावडे नाही, भूमध्य प्रदेशातल्या डोंगरांत चुनखडी भरपूर आहे.

कुंडी भाजलेल्या मातीची घ्यावी, प्लॅस्टिकची नको. भिंतीतून ओल उडाली पाहिजे. दहा-बारा इंची कुंडी पहिली तीन-चार वर्षे पुरते. दोन वाटे लाल माती, एक वाटा चाळलेला बारीक मुरूम किंवा भरड वाळू, एक वाटा पूर्ण कुजलेले शेणखत. ताजे शेण अजिबात नको. तळाच्या भोकावर खापरी ठेवावी आणि कुंडी दोन विटांवर टेकवावी, म्हणजे पावसात भोक मातीने बुजत नाही. ऊन दिवसाचे निदान पाच-सहा तास हवे. सावलीत ते मरत नाही, पण फांद्या लांबट, विरळ होतात आणि वास उतरतो. पावसाळ्यात बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालूच नये, मग वरची माती कितीही सुकलेली दिसो. उन्हाळ्यात रोज सकाळी एकदा, भोकातून निथळेपर्यंत.

जुनी, खालची पाने पिवळी पडू लागली तर आधी मुळांशी पाणी साचते का ते पाहावे, खताच्या मागे धावू नये. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. बोअरच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत हे जास्त दिसते, आणि पावसाचे साठवलेले पाणी दिले की फरक पडतो. खोडावर तपकिरी टिकल्या दिसल्या तर ती खवले कीड, पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. दोन्हींच्या चिकट स्रावावर काजळी धरते. झाड लहान असेल तर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या सौम्य पाण्याने घासून काढणे हा माझ्या पाहण्यातला सर्वांत खात्रीचा उपाय.

छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी सरताना करावी. जुन्या लाकडापर्यंत एकदम उतरू नये, तिसरा हिस्सा पुरे. रोपे करायची तर पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, अर्धवट पिकलेल्या फांद्यांचे चार बोटे लांबीचे छाट घ्यावेत. खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचावेत आणि वरून पारदर्शक बरणी पालथी घालावी. मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात. रोज उपटून पाहू नये. ताजे पिकलेले फळ मिळाले तर गर धुऊन लगेच पेरावे. पण बियांच्या रोपाला फुले यायला वर्षे जातात आणि ते आईसारखेच निघेल असे नाही, म्हणून छाटच बरे. 'तारेंतिना' नावाचा लहान पानांचा, बसका प्रकार मिळाला तर कुंडीसाठी तो पहिला निवडावा.

इथवर वाचून ज्यांचे नातेवाईक इस्राएल, युरोप किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांच्या मनात एक विचार आलाच असेल: येताना एक डहाळी बॅगेत घालून आण म्हणावे. हे करू नये, आणि याचे कारण पुन्हा जांभळाशी असलेल्या नात्यात आहे.

ब्राझीलमध्ये १८८४ साली पेरूवर एक तांबेरा नोंदवला गेला. गव्हावर पडतो तसाच बुरशीजन्य रोग, पण मायर्टेसी कुळावर. आज त्याला 'मर्टल तांबेरा' म्हणतात. कोवळ्या पानांवर, शेंड्यांवर, कळ्यांवर आणि फळांवर तो हळदीसारखी पिवळी भुकटी धरतो. कोंब वाकडे होतात, जळतात, पुन्हा फुटले की पुन्हा जळतात, आणि झाड खंगत जाते. २००५ मध्ये तो हवाईत पोहोचला आणि तिथल्या गुलाबजांबाच्या राया त्याने वाळवल्या. गुलाबजांब हे जांभळाचे सख्खे भावंड, दोन्ही सिझिजियम. २०१० मध्ये तो ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये सापडला आणि आता तिथल्या काही रानझाडांच्या जातीच नष्ट होण्याच्या काठावर आहेत. २०१७ मध्ये न्यूझीलंड. चारशेहून अधिक जातींवर तो जगू शकतो, आणि मर्टल त्याच्या आवडत्या यजमानांपैकी एक आहे. बीजाणू वाऱ्याने जातात, कपड्यांवरून जातात, पण समुद्र ओलांडून देशांतर करायला त्याला सर्वांत सोयीची गाडी म्हणजे जिवंत रोप. डहाळी वरून निरोगी दिसते. लागण झाल्यावर पुळ्या उठायला काही दिवस जातात, आणि विमानाला तेवढे दिवस लागत नाहीत.

आपल्याकडे पेरूच्या बागा आहेत, बहाडोलीसारखी जांभळावर जगणारी गावे आहेत, सह्याद्रीच्या राईत सिझिजियमच्या कितीतरी जाती आहेत. म्हणूनच २००३ च्या वनस्पती अलगीकरण आदेशाप्रमाणे परदेशातून रोप, छाट किंवा लागवडीचे बी परवान्याशिवाय आणता येत नाही. विमानतळावर कुणी बॅग उघडून पाहील की नाही हा प्रश्न गौण आहे. सणासाठी कापलेला, मुळे न फुटणारा हदाससुद्धा अधिकृत मार्गानेच यावा. लागवडीसाठी देशातल्याच झाडाचा छाट मागावा. बंगळूर, उटी या बाजूच्या जुन्या बागा आणि रोपवाटिकांत चौकशी करावी, आणि रोप हातात आले की आधी पान उन्हासमोर धरावे.

नवे रोप, कुठूनही आणलेले असो, महिनाभर इतर झाडांपासून आणि विशेषतः पेरू-जांभळापासून दूर ठेवावे. आठवड्यातून दोनदा कोवळ्या पानांची खालची बाजू पाहावी. पिवळी भुकटी दिसली तर झटकू नये, फवारा मारू नये, कुणाला दाखवायला फांदी तोडून नेऊ नये. जागेवरच प्लॅस्टिकची पिशवी अलगद पालथी घालून तोंड बांधावे, फोटो काढावा, कपडे बदलावेत आणि जवळच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला कळवावे.